टर्बोचा दम का जातो?
जुन्या डिझेल गाडीतील हवेचा दोष कसा शोधावा



नाशिक जिल्ह्यात आज ज्याच्या एकाही अंगणात दहा-पंधरा वर्षांची डिझेल गाडी उभी नाही, असे गाव विरळाच. हीच गाडी द्राक्षाचे क्रेट घेऊन पिंपळगावला जाते, कांद्याचा भाव बघायला लासलगावला जाते, आजाऱ्याला रात्री-अपरात्री दवाखान्यात नेते आणि चैत्रात सप्तशृंग गडही चढते. यातल्या कितीतरी गाड्या नाशिकच्याच मातीत जन्मल्या आहेत. महिंद्रांची बोलेरो २००० साली आणि स्कॉर्पिओ २००२ साली रस्त्यावर आली. या दोन्ही गाड्या नाशिकच्या कारखान्यात बांधल्या गेल्या. डिझेलचा फवारा उडवणारे नोझल सातपूरला, म्हणजे पूर्वीच्या मायकोत आणि आताच्या बॉशमध्ये, वर्षानुवर्षे बनत आले. तेव्हा हा विषय काही परका नाही, आपल्या घरचाच आहे.

या गाड्या जुन्या झाल्या की एक तक्रार हमखास कानावर येते. "सपाटीला चालते हो, पण चढ आला की दम टाकते." मग मालक गॅरेजात जातो. मिस्त्री बॉनेट उघडतो, एक्सिलरेटर दोनदा दाबतो आणि म्हणतो, "नाना, टर्बो गेला. नवा टाकावा लागेल." नवा टर्बो म्हणजे हजारांचा हिशेब. नाना द्राक्षाच्या पैशातून तो टाकतात. आणि पुष्कळदा असे होते, की नवा टर्बो बसवूनही गाडी पुन्हा सावळघाटात तशीच धापा टाकते. कारण दोष टर्बोत नव्हताच, तो होता एका फाटलेल्या रबरी नळीत.

म्हणून आज आपण दोन गोष्टी पाहू. टर्बो म्हणजे काय काम करतो, आणि त्याचा दम कमी झाला तर दोष कोणत्या क्रमाने शोधावा. हे ऐकून तुम्ही मिस्त्री होणार नाही. पण मिस्त्रीला नेमके काय विचारावे, हे मात्र तुम्हाला कळेल.

हवेचा हिशेब

लोहाराचा भाता आपण सर्वांनी पाहिला आहे. कोळसा तोच, भट्टी तीच. पण भाता जोरात चालला की लोखंड लाल होते. भाता कोळसा वाढवत नाही, हवा वाढवतो. इंजिनाचेही तसेच आहे. डिझेल हे कोळशासारखे. ते जळायला हवा लागते, आणि ती थोडीथोडकी लागत नाही. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला किमान बारा किलो हवा लागते. नाशिकच्या उंचीवर बारा किलो हवा म्हणजे सुमारे अकरा हजार लिटर. घरावर हजार लिटरची पाण्याची टाकी असते ना, तशा अकरा टाक्या भरून हवा, आणि तीही केवळ एका लिटरला! शिवाय डिझेल इंजिन धूर न करता चालायचे, तर याहून बरीच जास्त हवा द्यावी लागते.

आता २.२ लिटरचे इंजिन घ्या. ते दोन फेऱ्यांत एकदा आपले पोट हवेने भरते. मिनिटाला २००० फेरे असले, तर ते हजार वेळा पोट भरेल, म्हणजे फार तर २२०० लिटर हवा आत घेईल. त्याहून जास्त ते स्वतःच्या बळावर ओढू शकत नाही. मग जास्त ताकद हवी असेल तर काय करायचे? एक उपाय म्हणजे इंजिन मोठे करायचे. दुसरा उपाय म्हणजे हवा आधीच दाबून, घट्ट करून आत ढकलायची. हा दुसरा उपाय म्हणजे टर्बो.

टर्बोची खुबी अशी, की त्याचा भाता ओढायला वेगळा माणूस लागत नाही. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूरच ते काम करतो. धुराच्या वाटेत एक छोटे चक्र असते. धूर त्याला फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र असते. ते स्वच्छ हवा ओढून, दाबून इंजिनाकडे पाठवते. जो धूर वाया जायचा, त्याच्याकडून काम करून घेण्याची ही युक्ती. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली तिचे पेटंट घेतले. आधी ती जहाजांच्या मोठ्या इंजिनांत रुळली. डिझेलवर चालणाऱ्या प्रवासी मोटारीत ती आली १९७८ साली.

हे चक्र किती वेगाने फिरते? घरातला छताचा पंखा मिनिटाला तीनचारशे फेरे घेतो. टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो. म्हणजे 'एक' म्हणेपर्यंत दीड-दोन हजार फेरे! एका बाजूला लालबुंद धूर, दुसऱ्या बाजूला थंड हवा, आणि मध्ये दांडा तरंगतो तो केवळ तेलाच्या पातळ थरावर. हा तेलाचा थर ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

हवा दाबली की तापते. सायकलचा पंप जोरजोरात मारला की त्याचा बुडखा गरम होतो, हे मुलांनाही ठाऊक असते. टर्बोतून निघालेली हवा शंभर अंशांच्याही वर जाऊ शकते. गरम हवा विरळ असते. ती तशीच आत दिली तर दाबण्याचा निम्मा फायदा वाया जाईल. म्हणून बहुतेक गाड्यांत मध्ये इंटरकूलर असतो. दिसायला तो रेडिएटरचा धाकटा भाऊ. त्यात पाण्याऐवजी हवा थंड होते. तर वाट अशी झाली: एअर फिल्टर, टर्बो, नळी, इंटरकूलर, पुन्हा नळी आणि मग इंजिन. या वाटेवर कुठेही भोक पडले, की दाबलेली हवा रस्त्यावर आणि इंजिन उपाशी.

दाब किती असावा?

दाब फार झाला तरी इंजिन फुटेल. म्हणून टर्बोला लगाम हवा. तो दोन तऱ्हांचा असतो. जुन्या, साध्या टर्बोत एक बारीक दार असते. दाब पुरेसा झाला की ते उघडते आणि जादा धूर चक्राला न लागता सायलेन्सरकडे जातो. याला वेस्टगेट म्हणतात. कालव्याला पाणी जास्त झाले की सांडव्यातून सोडतो ना, तेच हे. दुसऱ्या तऱ्हेत, म्हणजे पुढे स्कॉर्पिओत आलेल्या २.२ लिटरच्या एमहॉक इंजिनासारख्या इंजिनांत, चक्राभोवती हलणारी पाती असतात. ती मिटली की धूर जोराने लागतो, उघडली की सैल लागतो. दोन्ही तऱ्हांत लगाम ओढायला डबीच्या आकाराचा एक भाग आणि त्याची बारीक दांडी असते. त्याला अॅक्च्युएटर म्हणतात.

इथे नाशिककरांनी एक आकडा ध्यानात धरावा. हवेला स्वतःचेच वजन असते. मुंबईत समुद्रकाठी हा दाब १०१ किलोपास्कल असतो. नाशिक शहर समुद्रापासून सुमारे ६०० मीटर उंच. इथे तो ९४ च्या आसपास भरतो. सप्तशृंग गडावर, सुमारे १२०० मीटरवर, तो ८८ पर्यंत उतरतो. म्हणजे गडावर कोणतीही गाडी मुंबईपेक्षा विरळ हवा ओढते. टर्बो ही तूट भरून काढतो. म्हणूनच टर्बो बिघडलेली गाडी सपाटीला लपून जाते आणि घाटात उघडी पडते.

गॅरेजातला स्कॅनर बहुधा हवेचा मूळ दाब धरून एकूण दाब दाखवतो. डॅशबोर्डवर बसवलेला साधा घड्याळी गेज मात्र मूळ दाब सोडून वरचा तेवढा दाखवतो. स्कॅनरवर १९० दिसले, तर नाशिकला त्यातले ९४ देवाने दिलेले आणि ९६ टर्बोने दिलेले. हा भेद न कळल्यामुळे "दाब तर भरपूर आहे" असे म्हणून चांगले चांगले फसतात.

आधी लक्षणे ऐका

वैद्य नाडी धरण्याआधी विचारपूस करतो. आपणही करू.

काळा धूर आणि ओढ कमी: डिझेल जात आहे, पण हवा कमी पडते आहे. हवेची गळती, चोंदलेला फिल्टर किंवा ढिला लगाम यांचा संशय घ्यावा.

निळसर धूर आणि ऑइल कमी होणे: इंजिनात तेल जळते आहे. दोष टर्बोचा असेल, नाहीतर इंजिनाचाही असेल.

धूर नाही, पण गाडी ओढतही नाही: हवेपेक्षा डिझेलच कमी पडत असेल. आधी डिझेल फिल्टर पाहावा.

एक्सिलरेटर दाबताच 'फुस्स' असा आवाज: रबरी नळी फाटली किंवा क्लिप ढिली झाली.

पूर्वी नव्हती अशी तीक्ष्ण, भोंग्यासारखी शिट्टी: टर्बोची पाती घासत असतील, किंवा टर्बोच्या आधीच धूर फटीतून निसटत असेल.

चढावर गाडी एकाएकी मेल्यासारखी होते, इंजिनाचा दिवा लागतो, आणि बंद करून पुन्हा चालू केली की काही काळ ठीक चालते: हे फार सांगणारे लक्षण आहे, बरं का! इथे दाब कमी नाही, बहुधा जास्त झाला आहे. संगणकाने इंजिन वाचवण्यासाठी डिझेल आवरते घेतले. हलणारी पाती काजळीने अडकली, की असे होते. गावातल्या गावात, हळूहळू चालणाऱ्या गाडीला हा रोग जास्त जडतो.

स्वस्तापासून महागाकडे

आता तपासणी. नियम एकच: जे स्वस्त, सोपे आणि उघड्यावर आहे, ते आधी, जे महाग आणि आत आहे, ते शेवटी. पुष्कळ गाड्यांचा दोष पहिल्या तीन पायऱ्यांतच सापडतो.

पहिली पायरी. दोष खरोखर हवेचाच आहे का? क्लच घसरत असेल तर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही. ब्रेक धरून राहत असेल तर चाकाची वाटी तापते. सपाट जागी गाडी न्यूट्रलला ठेवून ढकलून बघा. जड गेली तर टर्बोला बोल लावू नका. गाडीत नेहमीपेक्षा किती जादा क्रेट भरले आहेत, हेही मनाशी विचारून घ्या.

दुसरी पायरी. एअर फिल्टर. आपल्याकडे शिवाररस्त्यांची धूळ, मळणीचा भुसा, बागेत मारलेली गंधकाची भुकटी, सारे काही फिल्टरात जाते. तो काढून उजेडापुढे धरा. उजेड आरपार येत नसेल तर बदला. हवेने फुंकून फुंकून तोच किती दिवस वापरणार? फुंकताना कागदाला बारीक छिद्र पडले, तर धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जाते. फिल्टरच्या डब्याचे झाकण नीट बसते का, आत उंदराने घर तर केले नाही ना, हेही पाहावे. वापराविना उभ्या गाडीत उंदीर हमखास शिरतो, आणि बारीक रबरी नळ्या त्याला आवडतात.

तिसरी पायरी. नळ्या आणि क्लिपा. इंजिन थंड असताना टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत प्रत्येक नळीवरून हात फिरवा. खालच्या बाजूनेही फिरवा, कारण चीर बहुधा तिथेच असते. जुने रबर तेलाने फुगते आणि उष्णतेने कडक होते. थांबलेल्या गाडीत ही चीर मिटलेली असते; दाब आला की तोंड उघडते. एक खूण सांगतो: जिथे तेलकट धूळ साचली, तिथे गळती. नळीतल्या हवेबरोबर तेलाचा थोडा अंश असतोच; फटीतून तो बाहेर आला की त्यावर धूळ बसते. इंटरकूलरच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांवर ही खूण अवश्य शोधा.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. उभ्या गाडीत नुसता एक्सिलरेटर दाबून टर्बोची परीक्षा होत नाही. इंजिनावर ओझे नसेल तर धूर कमी, आणि धूर कमी तर दाबही कमी. म्हणून गळती शोधायची खरी रीत वेगळी आहे. गॅरेजमध्ये इंजिन बंद ठेवून टर्बोच्या तोंडाशी टोपण बसवतात आणि कॉम्प्रेसरने बेताची हवा भरतात. मग सांध्यांवर साबणाचे पाणी लावायचे. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघतो, तेच तंत्र. मात्र हवा एक किलोच्या आतच भरावी. टायरसारखी तीस-चाळीस पौंड भरली तर टोपण बंदुकीच्या गोळीसारखे सुटेल. हे काम घरी करू नये.

चौथी पायरी. लगाम. वेस्टगेटच्या डबीकडे एक बारीक नळी जाते. ती फाटली तर दार वेळेवर उघडत नाही आणि दाब वाढतो. उलट, दार नीट मिटतच नसेल तर दाब कधीच उठत नाही. हलत्या पात्यांच्या बहुतेक टर्बोंत डबीला व्हॅक्यूम, म्हणजे ओढ लागते. तिथे साधी परीक्षा आहे. थंड इंजिन एका माणसाने चालू करावे, दुसऱ्याने हात न लावता दांडीकडे पाहावे. इंजिन चालू होताच दांडी ओढली जावी, बंद होताच सावकाश परत यावी. ती जागची हललीच नाही, तर आधी बारीक नळ्या, मग व्हॅक्यूम पंप, मग विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व, या क्रमाने पाहावे. एक गोष्ट कटाक्षाने टाळा: दांडीची लांबी पान्याने फिरवून दाब 'वाढवून' घेऊ नका. आज गाडी पळेल, पण उद्या पिस्टन जाईल.

पाचवी पायरी. स्कॅनर. किल्ली फिरवून, इंजिन न चालू करता, दाबाचा आकडा पाहावा. नाशिकला तो ९४ च्या जवळपास असला पाहिजे. तो भलताच असेल तर दाब मोजणारा सेन्सरच खोटे बोलतो आहे. काजळीने माखला असेल तर पुसून पाहावा. मग मोकळ्या, सरळ रस्त्यावर तिसऱ्या गियरमध्ये, १५०० फेऱ्यांपासून पूर्ण एक्सिलरेटर देऊन ३००० पर्यंत गाडी न्यावी. चालवणाऱ्याने रस्ता बघावा. आकडे शेजारच्याने बघावेत. संगणकाने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब असे दोन आकडे येतात. मिळालेला सतत मागे राहिला तर गळती किंवा ढिला लगाम. मिळालेला पुढे गेला आणि लगेच ओढ तुटली, तर अडकलेली पाती. दोन्ही आकडे जुळले आणि तरी गाडी ओढत नाही, तर टर्बो निर्दोष. मग डिझेलचा पंप आणि नोझल तपासा.

सहावी पायरी. धुराची वाट. टर्बोच्या आधीच्या सांध्यातून धूर निसटला तर चक्राला जोर मिळत नाही. तिथे काजळीचा काळा पट्टा दिसतो. धूर परत आत फिरवणारा ईजीआर व्हॉल्व उघडाच राहिला, तर इंजिनाला हवेऐवजी धूर प्यावा लागतो. सायलेन्सरची जाळी चोंदली, तर धूर तुंबतो आणि चक्र मंदावते.

टर्बोच खराब आहे हे कसे ओळखावे?

एवढे सगळे पाहून झाले की मग टर्बो. इंजिन बंद आणि पूर्ण थंड असताना हवेच्या बाजूची नळी काढा. आतल्या चक्राची पाती मोडलेली, वाकलेली किंवा झिजलेली आहेत का? घराच्या भिंतीला घासल्याच्या खुणा आहेत का? चक्र बोटाने फिरवा; ते अलगद फिरले पाहिजे. मग दांडा वरखाली हलवून पाहा. इथेच बहुतेकांची फसगत होते. दांडा थोडा वरखाली हलतो, म्हणून "प्ले आला, टर्बो गेला" असे सांगितले जाते. पण मघाशी सांगितले ना, दांडा तेलाच्या थरावर तरंगतो. त्या तेलाला जागा हवी म्हणून थोडा प्ले नव्या टर्बोतही असतो. पाती भिंतीला टेकत नाहीत, तोवर काळजी नाही. पुढेमागे, म्हणजे दांड्याच्या लांबीच्या दिशेने, हाताला स्पष्ट जाणवणारा प्ले मात्र वाईट.

नळीत तेलाचा हात पुसल्यासारखा थर असेल तर घाबरू नये. तो इंजिनाच्या श्वासनळीतून, म्हणजे ब्रीदरमधून, येतो. तेल वाटीभर साचले असेल तर मात्र कारण शोधावे. ब्रीदर चोंदला किंवा टर्बोचे तेल खाली नेणारी नळी तुंबली, तरी टर्बोतून तेल गळते आणि बिचाऱ्या टर्बोला बोल लागतो.

आणि टर्बो खरोखरच मेला असेल, तर तो का मेला हे कळल्याशिवाय नवा बसवू नका. तो बहुधा तेलाच्या उपासाने किंवा घाण तेलाने मरतो. तेल आणणारी बारीक नळी जळक्या काजळीने भरली असेल, तर नवा टर्बोही त्याच रोगाने जाईल. म्हणून ती नळी बदलावी, ऑइल आणि फिल्टर बदलावा, इंटरकूलरमधले जुने तेल आणि तुटलेल्या पात्यांचे तुकडे धुऊन काढावेत. नवा टर्बो बसवताना त्याच्या तोंडात आधी स्वच्छ तेल घालावे. आणि जुना टर्बो गॅरेजवाल्याकडून परत मागून घ्यावा. तो पाहण्याचा तुमचा हक्क आहे.

एक मोठा धोका

आता एक गंभीर गोष्ट. टर्बोचे सील फुटून तेल जोराने इंजिनात जाऊ लागले, तर डिझेल इंजिन त्या तेलावरच पळू लागते. किल्ली बंद केली तरी थांबत नाही. आवाज चढत जातो आणि निळा-पांढरा धूर लोटतो. अशा वेळी बॉनेट उघडून हवेच्या नळीत हात घालू नका, हात जाईल. गाडी उभी असेल, तर ब्रेक घट्ट दाबून ठेवा, सर्वांत वरचा गियर टाका आणि क्लच सोडा. इंजिन गुदमरून बंद पडण्याची शक्यता असते. ते जमले नाही, तर सर्वांना उतरवून दूर न्यावे. लोखंड पुन्हा मिळेल. म्हणूनच निळा धूर दिसू लागला आणि ऑइल वारंवार कमी होऊ लागले, तर "हंगाम संपू दे, मग बघू" असे म्हणू नका.

दम कमी झालेली गाडी एरवीही घाटात धोक्याचीच. चढावर ट्रकला ओलांडायला बाहेर काढलेली गाडी मध्येच दम सोडते आणि समोरून बस येते. अंगवळणी पडलेल्या ओढीवर आपण अंतराचा अंदाज बांधतो. ती ओढ गेली की अंदाजही चुकतो. दोष निघेपर्यंत ओलांडणे टाळावे.

निगा कशी राखावी?

इंजिनाच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रतीचेच ऑइल घाला आणि मुदतीत बदला. सकाळी गाडी चालू करताच एक्सिलरेटर दाबू नका. अर्धा-एक मिनिट तेल दांड्यापर्यंत पोहोचू द्या. गड चढून वर आलात, की लगेच किल्ली बंद करू नका. मिनिटभर इंजिन हळू चालू ठेवा. चक्र अजून फिरते आहे, घर अजून तापलेले आहे. तेल एकदम थांबले तर जागच्या जागी जळून त्याची काजळी होते. देवीला निघालेल्या माणसाला एक मिनिट जड नाही. गावातच फिरणारी गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर नीट वेगाने चालवा, म्हणजे पात्यांवरची काजळी झडते.

शिक्षकांसाठी दोन शब्द

हा धडा वर्गात सहज शिकवता येईल. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून पंप मारायला सांगा; दाबलेली हवा तापते, हे मुलांना हाताला कळेल. मेणबत्तीवर पेला उपडा ठेवा. जळायला हवा लागते, हे डोळ्यांना दिसेल. फुग्याला साबणाचे पाणी लावून टाचणीएवढी गळती शोधायला द्या. एक लिटर डिझेलला अकरा हजार लिटर हवा लागते, तर गावापासून पिंपळगावपर्यंत आपल्या गाडीने किती हवा घेतली, हे गणित घाला. आणि त्याहून मोठा धडा असा, की लक्षण दिसताच निकाल देऊ नये. आधी काय काय असू शकेल ते लिहावे आणि एकेक तपासून खोडावे. विज्ञान म्हणतात ते यालाच. सातपूरच्या आय. टी. आय.त उद्या जाणारी मुले आज तुमच्याच वर्गात बसलेली आहेत.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कोणी म्हणाले, "टर्बो गेला," तर शांतपणे विचारा: "भाऊ, फिल्टर पाहिला का? नळ्यांना साबणाचे पाणी लावले का? दांडी हलते का? स्कॅनरवर मागितलेला दाब किती आणि मिळालेला किती?" चांगल्या मिस्त्रीला हे प्रश्न आवडतील, तो तुम्हाला बोलावून दाखवील. आणि ज्याला हे प्रश्न आवडणार नाहीत, त्याच्या हाती आपली गाडी द्यायची की नाही, हे तुमचे तुम्ही ठरवा.